माळाची कैफियत

वर्तमानपत्रांत मधूनमधून एक बातमी येते. गाव निराळे, माणूस निराळा, पण मथळा मात्र ठरलेला : ‘ओसाड माळरानावर फुलविले नंदनवन!’ कोणी डाळिंबे लावलेली असतात, कोणी आंबा लावलेला असतो. शेजारी हसतमुख बागाईतदाराचे छायाचित्र असते. कष्ट करणाऱ्या माणसाचे कौतुक व्हावे, त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. मी अडखळतो तो ‘ओसाड’ या एका शब्दापाशी. मी पडलो मराठीचा मास्तर. शब्दापाशी अडखळणे हा माझ्या धंद्याचाच भाग आहे. त्यातून माझे गाव औसा. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना गावाचे नाव सांगितले की दहांतील चौघांना ते ‘ओसाड’ असेच ऐकू येते, आणि सांगून पटले तरी त्यांच्या चेहऱ्यावर ‘दोन्हींत फरक तो काय?’ हा भाव राहतोच! तेव्हा औशाच्या माणसाने माळाची कैफियत मांडावी, हे ओघानेच आले.

ओस पडते ते काय? गाव ओस पडते, वाडा ओस पडतो. पूर्वी जेथे वस्ती होती आणि ती उठून गेली, ते ठिकाण ओस. आता मला सांगा, माळावरची वस्ती केव्हा उठली? तेथे चंडोल आहे, टिटवी आहे, खोकड आहे, ससा आहे, धनगराची मेंढरे आहेत. यांतले कोणी आपण होऊन उठून गेलेले नाही. ज्यांना आपण उठवले, त्यांची गोष्ट निराळी. तिच्याकडे मी येणारच आहे.

ही केवळ शब्दांची कुरकुर नव्हे. भाषेत ओसाड ठरलेली जमीन दप्तरातही ओसाडच ठरते. इंग्रजी अमदानीत जी जमीन सारा देत नसे तिला ‘वेस्ट’ म्हणत. म्हणजे जमिनीची किंमत ठरे ती तिजोरीच्या बाजूने. आपला सातबारा उघडून पाहा. त्यात ‘पोटखराबा’ आहे, ‘पडीक’ आहे. गवताचे रान म्हणून त्या रानाला मान देणारा रकाना काही दिसत नाही. स्वातंत्र्यानंतरही ही दृष्टी बदलली नाही. १९८५ साली देशात पडीक जमिनींच्या विकासाकरिता खास मंडळ निघाले, आणि २००० साली पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यात गवताची आणि झुडपांची कितीतरी मोठी राने ‘पडीक’ या सदराखाली जाऊन बसली. एकदा जमिनीवर ‘पडीक’ असा शिक्का बसला, की मग तिचे काय करावे हा प्रश्नच उरत नाही. काहीही करावे, जे होईल ते सुधारणाच!

आमच्या औशाहून खरोशाकडे जावे. जांभ्या दगडाच्या टेकडीत कोरलेली तेथील लेणी सहाव्या शतकाच्या सुमाराची म्हणतात. पाहुणे आले म्हणजे आम्ही त्यांना किल्ला दाखवतो आणि मग ही लेणी दाखवतो. वाटेत जो उघडावाघडा माळ लागतो तो मात्र कोणी कोणाला दाखवीत नाही. सखल भागात काळी जमीन, तीत सोयाबीन आणि तूर; जरा चढ लागला की मुरूम वर येतो आणि माळ सुरू होतो. उन्हाळ्यात तो भाजून निघालेला असतो हे खरे. पण मृगाचे दोन पाऊस पडू द्या. आठ-पंधरा दिवसांत त्या मुरमावर हिरवी लव येते. श्रावणात गवत गुडघ्याला लागते, आणि दिवाळीच्या सुमारास सारा माळ पिवळा होऊन वाऱ्याबरोबर लवू लागतो. त्या वेळी त्यातून चालत जाऊन आलात, तर धोतराला किंवा विजारीला शेकडो कुसळे चिकटलेली असतात. घरी आल्यावर ती उपटत बसावे लागते, आणि ‘कुठे गेला होता एवढे?’ या प्रश्नाला उत्तरही द्यावे लागते.

एकदा बी. ए.च्या वर्गात मी मुलांना विचारले, “गवताला मराठीत किती नावे आहेत?” शहरातून आलेल्या एका मुलाने निरागसपणे सांगितले, “सर, गवत.” खेड्यांतली मुले मात्र हळूहळू बोलती झाली. कुसळी, मारवेल, पवन्या, हरळी, कुंदा, लव्हाळा... बघता बघता फळा भरला. एवढी नावे ज्या भाषेने जतन केली, त्या भाषेच्या माणसांना हे रान एके काळी ओसाड खासच वाटत नव्हते. कोणते गवत दुभत्या जनावराला घालावे, कोणते छपराला वापरावे, कोणते शेतात शिरले तर पीक खाते, हे सारे त्या नावांत साठवलेले आहे.

आता कोणी म्हणेल, “मास्तर, शब्द राहू द्या. माळ म्हणजे तुटून गेलेले जंगल. पूर्वी तेथे घनदाट अरण्य असेल. माणसाने तोडले, गुरांनी खाल्ले, आणि उरला तो माळ.” ही समजूत फार सुशिक्षित आणि फार जुनी आहे. कित्येक शास्त्रज्ञही अनेक वर्षे तसेच मानीत आले. पण दख्खनच्या पठाराची घडणच पाहा. खाली काळा पाषाण, त्यावर बहुतेक ठिकाणी वीतभर मुरमाड माती, सह्याद्रीच्या आडोशामुळे तुटपुंजा पाऊस, आणि तोही चार महिन्यांत येऊन जाणारा. अशा जमिनीत दाट झाडीने तग धरणे कठीण. गवत मात्र अशा जमिनीकरिताच जन्माला आलेले आहे. त्याचा संसार वर दिसतो त्याहून जमिनीखाली मोठा असतो. पात्याचा वाढीचा अंकुर बुडाशी असल्यामुळे शेंडा चरला गेला तरी गवत मरत नाही. पाऊस पडताच पुन्हा उठते. मुळांची जाळी माती धरून ठेवते, पडलेले पाणी वाहून जाऊ देत नाही, आणि हवेतला कर्ब मातीत साठवते. अधूनमधून बोर, हिवर, बाभूळ. बाकी सारे आकाश आणि गवत. ही जंगलाची मोडतोड नव्हे. हे स्वतंत्र घराणे आहे.

याचा पुरावा कोठे मिळावा? तो मिळाला आमच्या मराठीच्या कपाटात! २०२५ साली आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी तेराव्या शतकापासूनचे मराठी वाङ्मय, संतचरित्रे, ओव्या, दंतकथा चाळल्या. रसग्रहणाकरिता नव्हे, तर त्यांत कोणकोणती रानझाडे आणि गवते येतात हे पाहण्याकरिता. पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागातल्या अशा उल्लेखांत त्यांना ४४ जातींच्या रानवनस्पती सापडल्या, आणि त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश जाती उघड्या गवताळ रानाच्या निघाल्या. निष्कर्ष असा, की हे माळ निदान साडेसातशे वर्षे माळच आहेत. आम्ही मराठीची माणसे जुन्या पोथ्यांतून भक्ती शोधली, समाज शोधला, व्याकरण शोधले. त्यांत वनस्पतिशास्त्राची साक्ष दडलेली असेल, हे कोणाच्या ध्यानी आले नव्हते. मराठीच्या अभ्यासाला ही नवी वाट मिळाली, याचा मला मनापासून आनंद झाला.

परंतु माळाची कैफियत नुसत्या वयावर उभी राहात नाही. वय सिद्ध झाले म्हणून वाडा पाडायचे थांबत नाहीत, हे आपण जाणतोच. आता त्या उठवलेल्या रहिवाशाची गोष्ट सांगतो. ती औशापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या नान्नज येथे घडली.

माळढोक हा पक्षी आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेला असेल. उंची सुमारे एक मीटर, नराचे वजन बारा-पंधरा किलोपर्यंत. उडणाऱ्या पक्ष्यांत एवढा जड पक्षी विरळाच. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात, गुजरातेत घोराड. विणीच्या दिवसांत नर गळ्याची पिशवी फुगवून खोल आवाजात ‘हूम’ असा घुमतो, म्हणून आपल्याकडे त्याचे ‘हूम’ असेही नाव आहे. मादी उघड्या जमिनीवर, बहुधा वर्षाला एकच अंडे घालते. घरटे नाही, भिंत नाही; सारा भरवसा दूरवर दिसणाऱ्या मोकळ्या रानावर. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे, शेतातले दाणे असे त्याचे जेवण. म्हणजे हा पक्षी शेताचा चोर नसून एका परीने राखणदारच!

एके काळी तो किती होता? इंग्रज शिकाऱ्यांच्या नोंदींत एक आकडा आहे. मॅन्सफील्ड नावाच्या एका साहेबाने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत एकट्या नगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारले. एका माणसाच्या बंदुकीने ९६१! आज साऱ्या जगात हा पक्षी दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही थोडा कमी उरला आहे, आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात.

त्याची बाजू घेणारे कोणी नव्हते असेही नाही. राष्ट्रीय पक्षी निवडावयाचा होता तेव्हा डॉ. सालिम अलींनी माळढोकाचे नाव पुढे केले होते. संकटात असलेल्या पक्ष्याला हा मान मिळाला तर तो वाचेल, असा त्यांचा विचार. पण १९६३ साली मान मिळाला मोराला. असे सांगतात, की इंग्रजी नावातले एखादे अक्षर छापताना चुकले तर भलताच अर्थ व्हायचा, ही धास्तीही त्यामागे होती. बिचाऱ्या माळढोकाचे नशीब मुद्रणदोषाच्या भीतीपायीही फिरले असेल!

पुढे सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी सत्तरीच्या दशकात नान्नजच्या माळावरील माळढोकांकडे लक्ष वेधले. हौसेने दुर्बीण घेऊन निघालेला एक माणूस वर्षानुवर्षे नोंदी ठेवतो, सरकारदरबारी खेटे घालतो, आणि अखेर १९७९ साली माळढोक पक्षी अभयारण्य जाहीर होते. १९८१ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वतीने डॉ. असद रहमानी यांनी या पक्ष्याचा कसून अभ्यास सुरू केला. नान्नज हे त्यांतील एक मुख्य ठाणे. पक्षी कोठे चरतो, कोठे वितो, कोणत्या उंचीचे गवत त्याला मानवते, कोणत्या पिकात तो शिरतो, हे तेव्हा प्रथम नीट कळू लागले. पुढे लांडग्यांचाही अभ्यास याच माळावर झाला. विज्ञान आणि वकिली यांची जोडी जमली होती.

मग बिघडले कोठे?

बिघडले ते दोन ठिकाणी. आणि हे दोन्ही धडे नान्नजपुरते नाहीत. पहिली गोष्ट नकाशाची. जाहीर झालेले अभयारण्य होते सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरांचे. आमचा सबंध लातूर जिल्हा ७,१५७ चौरस किलोमीटरांचा आहे; म्हणजे जिल्ह्याहून मोठे अभयारण्य! सोलापूर आणि नगर या दोन जिल्ह्यांतील अनेक तालुक्यांचे भाग त्यात आले. गावे आली, बाजारपेठा आल्या, उसाचे मळे आले, लोकांची राहती घरे आली. वास्तविक माळ होता तो त्यात विखुरलेल्या तुकड्यांचा. मोठा प्रदेश एकसंध राखावा हा विचार शास्त्राला धरूनच होता, कारण माळढोक एका तुकड्यावर राहणारा पक्षी नव्हे. त्याला दूरदूरचे रान लागते. पण त्या रेषेच्या आत राहणाऱ्या माणसाला कोणी विचारले नव्हते. जमिनीचा व्यवहार करावयाचा तर अडचण, काही बांधावयाचे तर परवानगी. ज्याने जन्मात माळढोक पाहिला नाही, तोही माळढोकाच्या नावाने बोटे मोडू लागला. अखेर वर्षानुवर्षे चाललेल्या तक्रारींनंतर २०११-१२ च्या सुमारास हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणण्यात आले. कागदावर सात-आठ हजार चौरस किलोमीटर आले आणि कागदावरूनच गेले. दरम्यान जमिनीवर जे व्हायचे ते होतच होते.

ही दुसरी गोष्ट, जमिनीची. १९८० च्या सुमारास उजनीचे धरण पुरे झाले. कालव्याचे पाणी आले, ऊस आला, द्राक्षे आली. पूर्वी रब्बीची ज्वारी आणि मधले पडीक रान यांवर माळढोक निभावून नेत असे. उसाच्या फडात त्याला उभे राहण्यासही जागा नाही. पाणी आले याचे दुःख दुष्काळी मुलखातला माणूस कसे करील? मीही करणार नाही. टँकरची वाट पाहणे काय असते, हे लातूरकराला सांगावयास नको. २०१६ साली आम्हांला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. पण उरलेल्या माळाचे काय केले ते पाहा. वनखात्याने काही तुकडे चराईपासून राखले, गवत वाढले, माळढोकाला विणीला जागा मिळाली. आणि मग ‘उघडे’ रान पाहून कोणाचे तरी मन द्रवले, आणि तेथे गिरिपुष्पासारखी परकी झाडे लागली! झाडे वाढली तसे गवत सावलीत खुरटले. ज्या पक्ष्याला लांबून शत्रू दिसावा लागतो, त्याच्यापुढे आपण पडदे उभे केले. ही झाडे काढा, असे सांगण्याची पाळी पुढे अभ्यासकांवर आली. झाड लावणे हे पुण्यच. पण दुसऱ्याच्या घरात जाऊन लावले तर ते अतिक्रमण होते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

आज नान्नजच्या माळावर काळवीट आहेत, लांडगे आहेत. माळढोकाची मात्र एखादी मादी दिसली तरी बातमी होते. अभयारण्याला ज्याचे नाव दिले, तोच घरचा धनी घरात नाही.

राजस्थान-गुजरातेत जे उरले आहेत त्यांच्यापुढे आणखी एक संकट आहे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे समोरचे त्याला नीट दिसत नाही. जड शरीर ऐन वेळी वळवता येत नाही, आणि तो विजेच्या तारांवर आदळून मरतो. १९७२ चा वन्यजीव कायदा घडविण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते एम. के. रणजितसिंह यासाठी सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२१ साली न्यायालयाने तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला; २०२४ साली त्यात फेरबदल करून तज्ज्ञांची समिती नेमली. कारण दुसऱ्या पारड्यात सूर्याची वीज होती, आणि तीही पर्यावरणाकरिताच! जेसलमेरजवळ २०१९ पासून कृत्रिम रीतीने अंडी उबवून पिले वाढविण्याचा उद्योग चालू आहे. पिले वाढत आहेत ही आनंदाचीच गोष्ट. पण ती मोठी झाल्यावर सोडावयाची कोठे? उत्तर पुन्हा माळापाशीच येऊन थांबते.

अशा गोष्टी परदेशांतही घडलेल्या आहेत. आफ्रिकेतील सेरेंगेटीचे अफाट गवताळ रान आज जगप्रसिद्ध आहे. १९५७-५८ च्या सुमारास फ्रँकफुर्टच्या प्राणिसंग्रहालयाचे प्रमुख ग्रझिमेक आणि त्यांचा मुलगा मिशाएल यांनी लहान विमानातून हिंडून तेथील जनावरांचे कळप मोजले, त्यांच्या वाटा नकाशावर उतरविल्या, आणि उद्यानाची सरकारी हद्द त्या वाटांना धरून नाही हे दाखवून दिले. जानेवारी १९५९ मध्ये विमान कोसळून मिशाएल मरण पावला. बापाने ग्रंथ लिहिला, चित्रपट पुरा केला, आणि साऱ्या जगाचे डोळे सेरेंगेटीकडे वळविले. विज्ञानाला वाणी मिळाली म्हणजे काय होते, याचा हा मोठा दाखला. पण नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच १९५९ साली पिढ्यान् पिढ्या त्या रानात गुरे चारणाऱ्या मासाई लोकांना सेरेंगेटीतून बाहेर जावे लागले. जनावरांचे घर राखताना माणसांचे गेले. तिकडे माणसांना बाहेर काढून रेषा मारली; आपल्याकडे माणसांना न विचारता त्यांच्या घरांवरून मारली. दोन्हीकडे विसरली गेली ती एकच गोष्ट : रान ज्याच्या पायाखाली आहे, त्याला त्याची काही माहिती असते.

मागच्या थंडीत खरोशाच्या बाजूला मी असाच हिंडत होतो. एक धनगर मेंढरे घेऊन उभा होता. साठी उलटलेली, खांद्यावर घोंगडे. माझ्या हातात ना काठी, ना पिशवी, हे पाहून त्याने विचारले, “काय बघायलाव, सर?”

(मास्तर माणूस कपाळावर लिहिल्यासारखा ओळखू येतो की काय, न कळे!)

मी म्हटले, “गवत बघतोय, मामा.”

तो हसला. “बघून घ्या. पुढल्या साली ऱ्हाईल का न्हाई, कुणाला ठावं. त्या अंगाला मुरूम उकरलाय, ह्या अंगाला झाडं लावलीत अन् तार मारलीय. आमी मधी.”

“लांडगा आहे का इकडे?”

“हाय की. नेतंय एखादं कोकरू. त्येचा बी वाटा हाय, त्येला काय शेती हाय का?” मग जरा थांबून म्हणाला, “पर सर, माळच न्हाई ऱ्हायला, तर त्येनं कुठं जावं, अन् आमी कुठं जावं?”

या एका वाक्यात लांडगा आणि धनगर यांना त्याने एकाच ओळीत उभे केले, आणि ते अगदी बरोबर होते. सबंध देशात हा माळावरचा लांडगा तीन हजारांच्या आसपास असावा असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वाघांच्या संख्येहून फार वेगळा नाही. पण वाघाला जंगल आहे, जंगलाला खाते आहे, खात्याला कायदा आहे. लांडग्याचे रान मात्र ‘पडीक’ या रकान्यात.

येथे एका प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही. माळ राखा म्हणताना गायरानावर पोट भरणाऱ्या भूमिहीनाला उठवा, असे तर मी सुचवीत नाही ना? मराठवाड्यात हा प्रश्न नाजूक आहे, आणि त्याला मोठा इतिहास आहे. १९५३ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांना पडीक जमिनी मिळाव्यात म्हणून मराठवाड्यात सत्याग्रह केला. पुढे १९९१ साली शासनाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला. ज्याला गावाने कधी वीतभर जमीन दिली नाही, त्याने गायरानाचा एक तुकडा कसला, तर त्याच्यावर माळ संपवल्याचा आरोप करण्याचा अधिकार मला तरी नाही. माळ संपतो तो दोन एकरांच्या ज्वारीने नव्हे. तो संपतो खाणींनी, शेकडो एकरांच्या प्रकल्पांनी, आणि नुसत्या खड्ड्यांच्या मोजणीवर चालणाऱ्या वृक्षारोपणाने. २०१६ ते २०१९ या चार वर्षांत आपल्या राज्यात कोट्यवधी रोपे लावण्याचे संकल्प सुटले. लातूर हा तर राज्यातील सर्वांत कमी वनक्षेत्राच्या जिल्ह्यांपैकी एक, म्हणून उत्साह अधिक. रस्त्याकडेला लावा, बांधावर लावा, तुटलेल्या जंगलात लावा, शाळेच्या आवारात लावा. कोण नको म्हणतो? पण माळावर खड्डा खणण्यापूर्वी तेथे आधी काय उगवते आहे, हे एकदा वाकून पाहावे.

आशेला जागा आहे ती अशा वाकून पाहणाऱ्यांमुळेच. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे २०२४ पासून वनखात्याने माळावरची सफर सुरू केली आहे. चिंकारा, लांडगा, खोकड पाहण्याकरिता शहरातली माणसे पैसे भरून माळावर जातात! काल ज्याला ओसाड म्हणत होते, त्याचे आज तिकीट निघते. तिकिटाने सारे साधते असे नव्हे. पण माळ तसाच राहिला तरच गावाला चार पैसे मिळतील, असे गणित जेथे जमते, तेथे माळाला बाहेरचा वकील शोधावा लागत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक गावाने आपल्या रानातील झाडे-पाखरे-गवते यांची नोंदवही ठेवावयाची आहे. ही नोंदवही खऱ्या अर्थाने लिहिली गेली, म्हणजे गावच्या धनगराला, वैदूला, म्हाताऱ्या आजीला विचारून लिहिली गेली, तर सातबाऱ्यावर जो रकाना नाही तो तेथे उघडेल. शास्त्रज्ञ मोजतील, कायदा पाठ राखील; पण ‘हे आमचे रान आहे’ असे म्हणणारा गावातच असावा लागतो. आठ हजार चौरस किलोमीटरांची रेषा जे करू शकली नाही, ते या एका वाक्याला साधण्यासारखे आहे.

आपण शहरातली आणि तालुक्याच्या गावांतली मंडळी काय करणार, असे कोणी विचारील. फार नाही. मुलांना सहलीला नेताना धबधबा आणि किल्ला यांच्याबरोबर एखादा माळ दाखवावा. तो पावसाळ्याच्या अखेरीस दाखवावा, म्हणजे मुलेच आपल्याला परत येऊ देणार नाहीत. वाढदिवसाला झाड लावण्याची हौस असेल तर ते कोठे लावावे हे जाणत्याला विचारावे. ‘ओसाड माळरान’ हा शब्द लिहिताना आणि बोलताना जीभ थोडी आवरावी. भाषेतला हा एक शब्द बदलला तर दप्तरातला बदलण्यास निदान सुरुवात होईल, अशी माझ्यासारख्या मास्तराची भाबडी म्हणा, पण पक्की श्रद्धा आहे.

दिवाळीची पहिली पणती आपण वसुबारसेला लावतो ती गाय-वासरासमोर. शहरातून गाय दिसत नाही, तर चित्राला ओवाळतो, तेही चांगलेच. यंदा ओवाळून झाल्यावर मुलांनी सहज विचारावे, ‘ही गाय चरते कुठे?’ आणि वडील मंडळींनी उत्तर देण्याआधी आपल्या गावाकडचे गायरान आज कोणत्या स्थितीत आहे, ते एकदा पाहून यावे. गवत अजून उभे आहे. दिवाळीपासून माघापर्यंत ते पिवळे दिसते. वाळलेले असते, मेलेले नसते.